थिंबल, क्रिंप आणि डाख: जुन्या गाडीच्या बॅटरी केबलला पहिल्यांदा हात घालताना

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा कारेलीबागेत ठेवलेली आमची जुनी पद्मिनी गाडी दोन दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर इंजिन उघडून साफ केलं, कार्बोरेटर धुतला, सगळी तेलं बदलली. तरी सेल्फ मारला की स्टार्टर दोनदा घरघरायचा आणि मान टाकायचा. एका वायरमननं बॅटरी बदलायला सांगितली. बदलली, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच सुरू झालं. मग मल्टीमीटर घेऊन मीच खाली बसलो. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून बॅटरीचा निगेटिव्ह पोल आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामधलं व्होल्टेज पाहिलं, तर 1.4 व्होल्ट. तिथं 0.2 च्या वर काही दिसायला नको. अर्थिंगच्या केबलचं, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हवरून बॉडी-इंजिनला जाणाऱ्या केबलचं, थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली, बोल्टसाठी छिद्र असलेली नळी) बाहेरून छान दिसत होतं, पण कापून पाहिलं तर आतलं तांबं कोळशासारखं काळं पडलेलं होतं.

जुनी गाडी घरी उभी करणारे हातात आधी रंगाचा ब्रश घेतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी बॅटरीच्या दोन जाड केबली आणि त्यांचे चार सांधे बघा. स्टार्टर 140 अँपियर ओढतो असं धरलं आणि सांध्यात 1.4 व्होल्ट अडकले, तर तिथला रोध एक शतांश ओम झाला. एवढासा रोध, पण त्यात जवळजवळ 200 वॉटची उष्णता नुसती वाया जाते आणि स्टार्टरला साडेदहा व्होल्टही मिळत नाहीत. मल्टीमीटर ओमवर लावून हा दोष सापडत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध याच्या दहा-वीस पट असतो. करंट वाहत असताना व्होल्ट मोजणं हाच खरा मार्ग. त्याकडे शेवटी येतो.

आधी बॅटरी सोडवा

निगेटिव्ह आधी काढायचा, शेवटी लावायचा. कारण सोपं आहे: पॉझिटिव्हचा नट खोलताना पाना बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेला असला, तर पान्यातून शेकडो अँपियर धावतात आणि पाना तिथंच चिकटतो. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. तिथं नियम उलटा नाही, नियम तोच: बॉडीला जाणारी केबल आधी काढायची. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो 4 टक्के झाला तरी ठिणगीनं पेटतो. म्हणून बॅटरी गाडीतून बाहेर काढून लांब ठेवा आणि सोल्डरिंगचं किंवा बर्नरचं काम तिच्याजवळ अजिबात करू नका.

केबल निवडणं

पद्मिनी, मारुती 800 अशा छोट्या पेट्रोल गाडीला 25 स्क्वेअर एमएमची (हे तांब्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ) तांब्याची फ्लेक्सिबल केबल पुरते. डिझेलला 35 किंवा 50 घ्या. अर्थिंगची केबल पॉझिटिव्हएवढीच जाड हवी, कारण जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो. हे सांगूनही लोक अर्थिंगला बारीक वायर लावतात.

घराच्या वायरिंगची वायर वापरू नका. तिच्यात तारा थोड्या आणि जाड असतात, इंजिनच्या थरथरीनं त्या एकेक करून तुटतात. शेकडो बारीक तारांची केबल हवी. वेल्डिंगची केबल खूप लवचीक असते आणि पुष्कळ जण तीच लावतात. चालते, पण तिचं रबर ऑइल-पेट्रोलनं फुगतं, म्हणून वरून जाळीदार किंवा प्लॅस्टिकचा पाइप चढवा.

आता फसवणुकीचं. बाजारात वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांची केबल मिळते आणि ती दिसायला हुबेहूब तांब्याची असते. एक तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. दुसरी परीक्षा वजनाची. 25 स्क्वेअरच्या एक मीटर शुद्ध तांब्याचं वजन सुमारे 224 ग्रॅम भरतं. 10 सेंटिमीटरचा तुकडा घेऊन वरचं आवरण सोलून टाका आणि नुसत्या तारा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. 22 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. 15-16 आलं तर छापलेला आकडा खोटा आहे किंवा धातू वेगळा आहे. तुकड्याची लांबी मात्र पट्टीनं नीट मोजा.

केबलची लांबी सुतळीनं मोजा. ज्या वाटेनं केबल जाणार त्याच वाटेनं सुतळी न्या, वळणं मोठी ठेवा आणि इंजिन हलतं तिथं चार बोटं जास्त सोडा.

थिंबल

दुकानात लग म्हणा किंवा थिंबल म्हणा, दोन आकडे सांगावे लागतात: 25-8 म्हणजे 25 स्क्वेअरची केबल आणि 8 मिलिमीटरच्या बोल्टचं छिद्र. स्टार्टरच्या स्टडला, म्हणजे केबल अडकवायच्या बोल्टला, बहुधा 8 लागतं, बॉडीच्या बोल्टला 6 किंवा 8. आपापल्या गाडीवर मोजून घ्या. थिंबल तांब्याचंच हवं. त्याचा पांढरा रंग कथलाच्या मुलाम्याचा असतो. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी कल्हईवाला यायचा आणि पितळेच्या पातेल्यांना आतून कथील फासायचा, तीच ही गोष्ट: कथलामुळे तांबं हवेनं आणि आंबटानं खराब होत नाही. ॲल्युमिनियमचं थिंबलही पांढरंच दिसतं, पण हातात घेताच हलकं लागतं. कानशीनं कोपरा घासून पाहा, लालसर निघालं पाहिजे.

क्रिंप: सगळी ताकद दाबात आहे

क्रिंप म्हणजे नळी चेपणं एवढंच नाही. योग्य डायमध्ये, म्हणजे दाबायच्या साच्यात, पुरेसा दाब पडला की शेकडो गोल तारांमधली हवा निघून जाते, तारा दबून षटकोनी होतात आणि एकमेकींत घट्ट रुततात. असा सांधा कापून पाहिला तर मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. त्यात हवा आणि ओल जाऊच शकत नाही, म्हणून तो आतून काळा पडत नाही. पकडीनं किंवा हातोड्यानं चपट्या केलेल्या थिंबलमध्ये पोकळ्या राहतात. आमच्या पद्मिनीत नेमकं तेच झालं होतं.

यासाठी हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल लागतं. त्याच्यासोबत 10, 16, 25, 35, 50, 70 अशा डायच्या जोड्या येतात. एका गाडीसाठी विकत घ्यायची गरज नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्यांकडे हे काम दिवसभर चालतं. केबल कापून, सोलून, थिंबलं बरोबर घेऊन गेलात तर चार थिंबलं दाबून द्यायला पाच मिनिटं लागतात. फक्त उभं राहून डायवरचा आकडा स्वतः वाचा.

स्वतः करणार असाल तर क्रम असा:

1. हीटश्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी प्लॅस्टिकची नळी) आणि रबराची टोपी केबलमध्ये आधी ओवून ठेवा. हे राहिलं की दाबलेलं थिंबल कापून टाकावं लागतं.
2. केबल काटकोनात कापा. लोखंड कापायच्या ब्लेडनं कापली तर तारा विस्कटतात, केबल कटर मिळाला तर बरा.
3. थिंबलच्या नळीच्या खोलीपेक्षा 2 मिलिमीटर जास्त आवरण सोला. ब्लेड गोल फिरवताना तारांना लावू नका, ओरखडा पडलेली तार तिथंच तुटते.
4. तारांचा पीळ आहे तसा ठेवून केबल नळीच्या तळापर्यंत घाला. नळीला तपासणीचं छिद्र असेल तर त्यातून तांबं दिसलं पाहिजे. तारा मावत नाहीत म्हणून दोन-चार कापून टाकणं हा गुन्हा समजा, थिंबल बदला.
5. पहिला दाब बोल्टच्या छिद्राच्या बाजूला, दुसरा केबलच्या बाजूला. तांबं दबताना लांबतं, त्याला उघड्या तोंडाकडे जायला वाट मिळते. दोन दाब एकमेकांवर चढू देऊ नका.
6. दोन्ही डाय एकमेकींना टेकेपर्यंत दाबा. कडेला पातळ पंख निघाले तर डाय लहान आहे, नळी हातानं फिरते तर डाय मोठी आहे.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये या शहरात कलाभवन काढलं ते हातानं काम शिकवण्यासाठी, आणि हातानं शिकताना माल थोडा वाया जातोच. पहिलं थिंबल उरलेल्या केबलच्या तुकड्यावर दाबा, शिकंज्यात धरून हॅकसॉनं दाबाच्या मधोमध आडवं कापा, कानस आणि पॉलिश पेपरनं कापलेला भाग गुळगुळीत करा. सलग तांब्याची चकती दिसली तर तुमचा हात बसला. काळ्या फटी दिसल्या तर डाय बदलून पुन्हा करा. एका थिंबलची किंमत ती काय, रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीपेक्षा कमीच.

मग स्लीव्ह. आतून गोंद असलेली हीटश्रिंक घ्या, साधी नको. थिंबलची नळी आणि केबलचं आवरण दोन्हींवर किमान दोन-दोन सेंटिमीटर बसली पाहिजे. हीटगननं मधून कडेकडे तापवा. दोन्ही कडांतून गोंदाची बारीक रेघ बाहेर आली की ओल आत जायची वाट बंद झाली. ज्यांच्या गाड्या पुरात बुडतात त्यांनी यावर पैसे वाचवू नयेत. पाणी बारीक तारांमधून वातीतल्या तेलासारखं वर चढतं, आवरणाच्या आतून वीतभर वरपर्यंत जातं आणि पुढचे कित्येक महिने आतल्या आत तांबं खातं.

म्हणूनच पुरातल्या गाडीची जुनी केबल नव्या थिंबलनं दुरुस्त करायला गेलात तर आधी तारांचा रंग बघा. लालसर चमक हवी. काळं किंवा हिरवं दिसलं तर पाच सेंटिमीटर मागं कापा आणि पुन्हा बघा. दहा सेंटिमीटर कापूनही काळंच असेल तर केबल भंगारात द्या.

मग डाख कुठं?

जुने कारागीर बॅटरीच्या केबलला डाख देत, म्हणजे सोल्डर वितळवून सांधा जोडत आले आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण बॅटरी केबलला मी डाख देत नाही. वितळलेलं सोल्डर तारांमधून आवरणाखाली चढतं आणि जिथं थांबतं तिथं लवचीक केबल एकदम कडक होते. थरथरीनं केबल बरोबर त्या सीमेवर तुटते. दुसरं, 60/40 सोल्डर (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) 183 अंशांना मऊ व्हायला लागतं आणि 190 च्या आसपास पूर्ण पातळ होतं. ढिला सांधा स्टार्टर मारताना तापला तर डाख सुटू शकतो. तिसरं, 25 स्क्वेअरच्या तांब्याला तेवढं तापवायला 60 वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. बर्नर लावावा लागतो आणि आवरण वितळतं.

त्याहून वाईट चूक म्हणजे तारांना आधी सोल्डर लावून मग क्रिंप करणं किंवा स्क्रूखाली घालणं. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकत राहतं. आज घट्ट वाटलेला सांधा सहा महिन्यांत ढिला होतो. क्रिंप नेहमी कोरड्या, उघड्या तांब्यावर.

डाखाची जागा आहे ती बारीक वायरींना, जिथं हालचाल नाही: डॅशबोर्डच्या आत, स्विचच्या पाठीमागं, मधेच तुटलेल्या वायरीला जोड देताना. पद्धत थोडक्यात: हीटश्रिंक आधी ओवा. दोन्ही टोकं एकमेकांभोवती पाच-सहा वेढे देऊन गुंडाळा, म्हणजे ओढ डाखावर न येता पिळावर येईल. आयर्नचं टोक वायरीला खालून टेकवा आणि सोल्डर वरून वायरीलाच लावा, आयर्नला नाही. वायर पुरेशी तापली की सोल्डर आपोआप आत ओढलं जातं. गोळा बसला तर डाख वरच्यावर आहे. गार होईपर्यंत हलवू नका, हलला तर पृष्ठभाग खरखरीत आणि निस्तेज दिसतो, तो पुन्हा तापवा. नंतर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बंडलला बांधून टाका.

फ्लक्स (सोल्डर धातूला नीट धरावं म्हणून लावायचं द्रव्य) फक्त राळेचा. पत्र्याच्या डाखाला लागणारं आम्ल किंवा कल्हईचा नवसागर वायरीवर कधीही वापरू नका. त्याचा अवशेष पावसाळी हवेत ओला होतो आणि तांबं हिरवं करतो. या सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झाल्यावर हात साबणानं धुवा, चहाचा कप टेबलावर ठेवू नका.

बारीक टर्मिनल

लाल, निळी, पिवळी प्लॅस्टिकवाली टर्मिनलं सगळ्यांनी पाहिली आहेत: लाल 0.5 ते 1.5 स्क्वेअरला, निळं 1.5 ते 2.5 ला, पिवळं 4 ते 6 ला. तात्पुरत्या कामाला ठीक. गाडीत कायमचं बसवायचं असेल तर उघड्या पाकळ्यांची पितळी टर्मिनलं घ्या. त्यांना पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्यावर दाबायची, मागची आवरणावर. मागची जोडी वीज नेत नाही, पण वायरीचा झटका तीच खाते. पुष्कळ जण मागची जोडीही तांब्यावरच दाबतात आणि मग वायर गळ्याशी तुटते. दाबल्यावर पाकळ्यांची टोकं आत वळून तारांत शिरलेली दिसली पाहिजेत. यासाठी रॅचेटची क्रिंपिंग पकड हवी, ती पूर्ण दाब पडल्याशिवाय उघडत नाही. साध्या पकडीनं हे होत नाही. शेवटी वायर जोरात ओढून पाहा, ती हातात निघून आली तर आत्ताच आलेली बरी.

गाडीवर बसवणं

अर्थिंगच्या बोल्टभोवतीचा रंग नाण्याएवढ्या जागेत खरवडून उघडं लोखंड काढा. थिंबल थेट लोखंडावर, त्यावर वॉशर, त्यावर नट. थिंबल आणि बॉडी यांच्यामध्ये वॉशर घालू नका. घट्ट झाल्यावर वरून रंग किंवा व्हॅसलीन.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीनं ते बॉडीपासून सुटं असतं. त्या दोघांना जोडणारी विणलेली पट्टी जुन्या गाडीत बहुतेक वेळा कुजलेली किंवा गायब असते. मग स्टार्टरचा करंट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेतून परतीची वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर चोकची तार गरम लागत असेल तर दुसरीकडे शोधू नका, ही पट्टी बदला.

बॅटरीच्या पोलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशनं धुवा, सेलची झाकणं मात्र घट्ट बंद हवीत. पॉझिटिव्ह पोल निगेटिव्हपेक्षा जाड असतो आणि जपानी पद्धतीच्या छोट्या बॅटरीचे दोन्ही पोल आणखी बारीक असतात. टर्मिनल सैल बसतंय म्हणून मध्ये खिळा किंवा पत्र्याची पट्टी ठोकू नका, त्या मापाचं टर्मिनल आणा. व्हॅसलीन घट्ट केल्यानंतर वरून लावायचं.

केबल पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेवर बसणारी कडी) हवाच. स्टार्टरच्या केबलला फ्यूज नसतो, त्यामुळे पत्र्यानं आवरण कापलं तर आग लागेपर्यंत काहीच अडवत नाही. हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टीम अशा बॅटरीवरून थेट घेतलेल्या प्रत्येक नव्या वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज लावा.

मोजणं

इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू न होता फिरेल. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी व्होल्टवर. दुसऱ्या माणसाला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा, दहाच्या वर नको, आणि मध्ये स्टार्टरला गार होऊ द्या.

पहिलं मोजमाप: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलच्या शिशावर, टर्मिनलवर नाही, आणि दुसरं स्टार्टरच्या स्टडवर. नटावर किंवा थिंबलवर टेकवलं तर तिथला सांधा मोजमापातून सुटतो. इथं सोलेनॉइडसकट (स्टार्टरचा विजेचा स्विच) अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. दुसरं: निगेटिव्ह पोल ते इंजिनचा ब्लॉक, 0.2 च्या आत. तिसरं: निगेटिव्ह पोल ते बॉडी, तेही तेवढंच. आकडा जास्त आला तर एक टोक तसंच ठेवून दुसरं एकेक सांधा पुढं सरकवा: पोल ते टर्मिनल, टर्मिनल ते थिंबल, थिंबल ते बोल्ट. जिथं आकडा उडी मारतो तो सांधा दोषी. नव्या 25 स्क्वेअर केबलचा स्वतःचा वाटा एका मीटरला 140 अँपियरवर फक्त 0.1 व्होल्टच्या आसपास असतो, त्यामुळे दोष लपायला जागा राहत नाही.

आमच्या पद्मिनीत नवी अर्थिंग आणि नवी पट्टी बसल्यावर तिथले 1.4 व्होल्ट 0.12 वर आले. बॅटरी तीच, पुराच्या आधीची, जी बदलायला सांगितली होती. ती मी ठेवून दिली होती, चार्ज करून परत लावली. नट शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळले आणि हे आकडे खडूनं बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलेत, पुढच्या पावसाळ्यात त्यांच्याशी ताडून बघायला.